काचेवरून पाणी कसं उतरतं

आमच्या प्रयोगशाळेत डिग्रीवाले सहा जण होते. पण नापास करायचा अधिकार एकट्या सुशीलाबाईंकडे होता, आणि त्या स्वतः पाचवीनंतर शाळेत गेलेल्या नव्हत्या. धुतलेली बाटली त्या खिडकीकडे धरायच्या, आत पेलाभर पाणी ओतायच्या आणि बाटली सावकाश पालथी करायच्या. पाणी काचेवरून सलग, ओल्या पदरासारखं उतरलं तर बाटली पास. कुठे थेंब होऊन अडलं, तर तिथे काचेला काहीतरी तेलकट धरून बसलंय असा अर्थ. मग बाटली परत बेसिनमध्ये, आणि बाईंचा शेरा :

"नापास. आईबापाला घिऊन ये."

हे त्या बाटलीला म्हणायच्या. मान मात्र ज्याच्या हातून ती बाटली आलेली असायची तो केमिस्ट खाली घालायचा.

कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर, डाव्या हाताला अकरावी-बारावीचा क्लास आणि उजव्या हाताला पोळी-भाजी केंद्र, अशी मधोमध आमची ती पाणी तपासायची जागा. टँकरचं पाणी, बोअरचं, पोहण्याच्या तलावाचं, कारखान्यांचं सांडपाणी. मी करमाळ्याहून बीएस्सी करून तिथे लागलो तेव्हा मुलाखत शेफाली मॅडमनी घेतली, पण परीक्षा बाईंनी घेतली. पहिल्याच दिवशी मी हौसेने एक फ्लास्क स्वतः धुतला. बाईंनी तो उजेडाला धरला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"कुठलं तुम्ही?"

"करमाळा."

"तिकडं पानी कमी हाय न्हवं, म्हणून आसंल."

बाई बावधनच्या. सासरचं ज्वारीचं वावर होतं तिथे आता बारा इमारती उभ्या आहेत आणि त्या इमारतींच्या टाकीचं पाणी दर महिन्याला आमच्याकडेच तपासायला येतं. "आमच्या वावरातनं आली," म्हणत बाई ती बाटली अशी उचलायच्या, की घरचंच कुणी भेटायला आलंय. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा झाडू मारायला आल्या होत्या. झाडूवरून बाटल्यांवर त्यांची बढती कधी झाली याची नोंद कुठेच नाही; बावीस वर्षं झाली एवढं सगळे सांगतात.

त्यांची एक खोड होती. निळ्या क्रेटमध्ये टाकलेली कुठलीही बाटली धुवायला घ्यायची असा नियम. पण एखादी बाटली आतून तेलकट दिसली की बाई ती धुवायच्या नाहीत. झाकण लावून खिडकीच्या कठड्यावर ठेवायच्या. केमिस्टने येऊन तोंडाने "धुवा" म्हटल्याशिवाय तिला पाणी लागायचं नाही. कधीकधी अशा आठ-दहा बाटल्या रांगेत बसलेल्या असायच्या. मी त्या कठड्याचं नाव बालवाडी ठेवलं होतं. जाता-येता विचारायचो, "बाई, आज हजेरी किती?" बाई हसायच्या नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर त्या कधीच हसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गेल्या फेब्रुवारीत तपासणीसाठी बाहेरचे लोक येणार म्हणून शेफाली मॅडमनी सगळीकडे साफसफाई काढली. मॅडम नागपूरच्या, पण बारा वर्षं पुण्यात राहून अस्सल झालेल्या. त्या कठड्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुशीलाबाई, हे काय म्युझियम आहे का? उद्यापासून रिकामी बाटली दिसली की पंधरा मिनिटांत धुतलेली पाहिजे. विचारायचं नाही कुणाला."

"बरं," बाई म्हणाल्या.

तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी नऊला दुर्गाबाई आल्या.

दुर्गाबाई कोकणातल्या कुडवेळ बंदराच्या. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या काढायच्या, म्हणजे खायचे शिंपले, आणि बाजारात विकायच्या. त्यांच्यासारख्या सतरा बायका. रात्रभर एसटीत बसून आल्या होत्या आणि मांडीवर थर्माकोलचं खोकं होतं. ते त्यांनी ना सामानाच्या फळीवर ठेवलं होतं, ना पायाशी. शेजारच्या क्लासची पोरं जिन्यात उभी होती, त्यांनी मासळीच्या वासाने नाकाला हात लावले. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की दोघांनी तोच हात खाली घेऊन नमस्कार केला.

खोक्यात बर्फ होता आणि बर्फात एक काचेची बाटली. लाखेचं सील, त्यावर कागद, कागदावर तीन सह्या. तिसरी सही दुर्गाबाईंची.

हकीकत त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. खाडीच्या काठाला तेल साठवणाऱ्या एका कंपनीच्या टाक्या आहेत. एके रात्री खाडी काळी झाली. तिसऱ्या उघड्या पडून मेल्या, जाळी डांबरासारखी झाली. कंपनी म्हणाली, हे तुमच्याच होड्यांचं डिझेल. पंचनामा करायला साहेबलोक चौथ्या दिवशी आले. तोवर सहा-सात भरत्या येऊन गेलेल्या. कंपनीचा नळ जिथे खाडीत सुटतो तिथलं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एक बाटली कंपनीने नेली, एक बायकांना मिळाली. पाचव्या दिवशी कंपनीने त्या नळाचं तोंड सिमेंटने बुजवून टाकलं.

"म्हणजे परत नमुना घेता येणार नाही?" मॅडमनी विचारलं.

"कुठनं घेणार बाई? नळच नाही आता. जे आहे ते ह्या बाटलीत आहे."

कंपनीने आपल्या बाटलीचा अहवाल आधीच आणला होता : तेल मर्यादेच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पुण्यातच हरित लवादापुढे सुनावणी होती. बायकांच्या वकिलाने सांगितलं होतं, सहा वाजेपर्यंत अहवाल माझ्या टेबलावर पाहिजे, नाहीतर तो त्यांचा कागद आणि आपलं नुसतं तोंड.

मर्यादा साधी होती. अशा नळाच्या पाण्यात लिटरमागे वीस मिलिग्रॅम तेल चालतं. वीसच्या वर गेलं तर कंपनी दोषी.

तेल तपासायचं काम विश्वजीतचं. तो रजेवर. मॅडम माझ्याकडे वळल्या. "जमेल ना?"

"हो, मॅडम," मी म्हणालो. करमाळ्यात हो म्हणायला आधी शिकवतात, बाकीचं नंतर.

मी मनापासून काम केलं, हे मला सांगायलाच हवं. दुर्गाबाईंसमोर सील फोडलं. पाणी मोजपात्रात ओतून लिटर अगदी रेघेवर मोजलं. हेक्झेन नावाचं एक द्रावण असतं, ते पाण्यातलं तेल स्वतःकडे ओढून घेतं. ते घालून हलवलं, वेगळं केलं, गाळलं, वजन केलेल्या वाटीत आटवलं. द्रावण उडून जातं, तेल उरतं. वाटीचं वजन परत करायचं, वाढलं ते तेल. सव्वाबाराला आकडा आला.

चौदा पूर्णांक दोन.

दुर्गाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मॅडम मला म्हणाल्या, "तू सांग. तू केलंयस." मी सांगितलं. वीसच्या आत आहे, म्हणजे कायद्याने ठीक आहे.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि फक्त विचारलं, "बाटलीला लागलेलं धरलंस का रे बाबा?"

"काय?"

"वाटीतलं तेल कढईत ओतलं तर वाटीला राहतं की नाही? ते बोटाने निपटून घेतो की नाही आपण? ती बाटली आतनं काळी होती. मी रात्रभर बघत आले तिला."

आईशपथ सांगतो, ते मी धरलंच नव्हतं. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. तेल पाण्यात राहत नाही, काचेला जाऊन बसतं. म्हणून पाणी ओतून घेतल्यावर तीच बाटली हेक्झेनने विसळायची आणि ते विसळलेलं मूळ मापात मिळवायचं. विश्वजीत ते न बोलता करायचा. मी वर्षभर टँकरचं आणि पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासत होतो. माझ्या हाताला एकच सवय. पाणी ओतलं की रिकामी बाटली निळ्या क्रेटमध्ये.

मोजपात्र अजून माझ्या टेबलावर होतं. बाटली नव्हती.

मी धुण्याच्या खोलीकडे पळालो. क्रेट रिकामं. बेसिन कोरडं. खिडकीचा कठडा, आमची बालवाडी, फडक्याने पुसलेला, चकचकीत. आणि सुशीलाबाई नाहीत.

"साडेअकराला गेल्या," मॅडम मागून म्हणाल्या. "अर्ध्या दिवसाची सुट्टी आहे त्यांची. का?"

मी का ते सांगितलं. मॅडमचा चेहरा एकदम थंड झाला. पुण्यात राग आला की आवाज कमी होतो. "आणि मी कालच त्यांना सांगितलं, पंधरा मिनिटांत."

वाळवायच्या भट्टीत छत्तीस बाटल्या होत्या. सगळ्या एकसारख्या, सगळ्यांची लेबलं धुऊन गेलेली. आम्ही दोघांनी एकेक काढून उजेडाला धरली. सगळ्या पास. बावीस वर्षांत बाईंनी इतकं चांगलं काम कधी केलं नसेल. गरम बाटल्यांनी बोटं भाजत होती.

"चौदा पूर्णांक दोनवर सही करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ते चूक आहे हे आपल्याला माहीत आहे. आणि बाटली नसेल तर बरोबर काय, तेही माहीत नाही. नमुना बाद, असं लिहावं लागेल."

"बाद लिहिलं तर?"

"तर लवादापुढे कंपनीचा एकटाच कागद."

दारात दुर्गाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाईंना फोन लावला. वाजत राहिला. बाईंचा फोन समारंभाच्या दिवशी घरी चार्जिंगला असतो, हे सगळ्या प्रयोगशाळेला माहीत आहे. त्यांच्या मते चांगली साडी आणि फोन एकत्र शोभत नाही. त्या दिवशी कात्रजला त्यांच्या पुतणीच्या मुलीचं बारसं होतं. मला आमंत्रण होतं, म्हणून हॉलचं नाव माहीत. डेअरीच्या मागे.

"धुतली असेल तर जाऊन काय करणार?" मॅडम म्हणाल्या.

"विचारणार तरी."

पावणेएकला गाडी काढली. कोथरूडहून वारज्याला उतरून हायवेने कात्रज. दुपारी पाऊण तास. मधे नऱ्ह्याच्या उतारावर ट्रक अडकून पडला होता आणि सगळी वाहतूक नुसती हॉर्न वाजवत उभी होती. माझ्या डोक्यात एकच हिशेब : वीसच्या वर जायला आणखी सहा मिलिग्रॅम हवेत. मोहरीचे तीन दाणे. तीन दाण्यांएवढं तेल त्या काचेला होतं की नव्हतं, आणि असलं तर ते आता कोथरूडच्या गटारातून मुठा नदीच्या दिशेने कुठवर पोचलं असेल.

हॉलमध्ये पाळणा फुलांनी भरला होता. सुशीलाबाई जरीच्या साडीत, हातात घुगऱ्यांचं ताट. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली जाऊ गोदाबाई. गोदाबाईंनी मला बघताच आवाज दिला, "आले बघा हापिसातनं! आमच्या सुशीलेबिगर पुण्याचं पानी सोच्छ हुईत न्हाई वाटतं!"

मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, सकाळची ती बाटली. कोकणातली. धुतली?"

बाईंनी ताट खाली ठेवलं.

"का? धुवा म्हणाला व्हतात का तुम्ही?"

"नाही."

"मग कशी धुनार?"

"कुठाय?"

"कठड्यावर ठिवायची न्हाई म्हणाल्या मॅडम. कपाटात ठिवली. ॲसिडच्या." आणि त्यांनी कमरेला खोचलेली छोटी पिशवी चाचपली. सगळ्या प्रयोगशाळेत कुलूप असलेलं ते एकच कपाट. काचा धुवायचं ॲसिड घातक म्हणून त्याची चावी बावीस वर्षं बाईंच्या कमरेला. दुसरी चावी कुठे आहे हे देवाला माहीत, आणि त्यालाही आठवत नसणार.

"चला," बाई म्हणाल्या. "चावी देत न्हाई मी कुनाला. गोदाबाई, नाव ठिवायच्या टायमाला मला धरू नका."

"अगं, आजी तू हायेस!"

"आजी दुसरी बी हाय."

जरीच्या साडीत त्या माझ्या मागे बसल्या. नऱ्ह्याला ट्रक तसाच. आम्ही रांगेत थांबलो तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. हॉर्नच्या गोंगाटात, माझ्या पाठीला सांगावं तसं.

"तेरा वर्सं झाली. आमच्या वाडीच्या इहिरीचं पानी आलं व्हतं आपल्याकडं. वरच्या अंगाला ग्यारेज झालं व्हतं, लोक म्हनत व्हते त्याचं तेल उतरतंय. आमच्या गावची बाटली म्हणून म्या दोन डाव धुतली. लख्ख केली. मग तवाचा केमिस्ट पळत आला, तुमच्यावानीच. बाटली कुठाय. म्या अभिमानानं दावली, ही बघा."

पुढचा ट्रक हलला नाही.

"कागद आला, तेल सापडलं न्हाई म्हणून. गावानं कागद बघितला आन् दोन वर्सं त्येच पानी पिलं. भाकरीला वास यायचा. गोदाबाई म्हणायची, पीठ जुनं आसंल. मी बी म्हणायची, आसंल."

"त्यांना सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? कोणत्या तोंडानं?" मग रांग जरा पुढे सरकली तेव्हा : "तुम्ही बालवाडी म्हणा. मला काय त्याचं."

मी आरशात बघितलं नाही.

अडीचला पोचलो. दुर्गाबाई धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. मॅडमनी त्यांना चहा दिलेला, तो गार झालेला. बाईंनी कुलूप काढलं. ॲसिडच्या दोन कॅनमध्ये, झाकण घट्ट लावलेली, लेबल शाबूत, बाटली. आतल्या बाजूला तपकिरी पापुद्रा.

मॅडमनी ती लगेच उचलू दिली नाही. "सुशीलाबाई, किती वाजता ठेवली? झाकण उघडलं होतं? चावी कुणाकडे होती?" एकेक उत्तर त्यांनी वहीत लिहिलं, वेळेसह. आपण काल काय हुकूम दिला होता तेही लिहिलं. मग लिहिलेलं वाचून दाखवलं आणि बाईंची सही घेतली. "अहवालात हे सगळं जाईल. लपवायचं काही नाही. कंपनीचा वकील विचारेल तेव्हा आपण आधीच सांगितलेलं असलं पाहिजे."

मी हेक्झेन घेतलं. आधी मोजपात्र, मग बाटली. थोडं ओतायचं, आडवी करून फिरवायची, प्रत्येक बाजूला लागेल अशी, आणि ते नव्या, वजन केलेल्या वाटीत गाळून घ्यायचं. पापुद्रा विरघळत गेला. दोनदा केलं. काच स्वच्छ दिसायला लागली. मी वाटी उचलली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाटली खिडकीकडे धरली. पाणी तर घालता येत नव्हतं. त्यांनी बाटलीच्या तोंडाशी तोंड नेऊन हळूच हाऽऽ केलं, चष्म्यावर करतो तसं. काचेवर वाफ धरली. पण गळ्याच्या खाली, एका बोटभर पट्ट्यात, ती धरेना. तिथे काच फाटल्यासारखी दिसत होती.

"अजून हाय."

मॅडम दुसरीकडे बघत राहिल्या. नमुन्याच्या बाटलीत श्वास सोडावा असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. मी तिसऱ्यांदा हेक्झेन घातलं आणि बाटली पालथी धरून गळ्याशी घोळवलं. बाईंनी परत वाफ सोडली. या वेळी ती सगळीकडे सारखी बसली आणि सारखीच उडाली.

"पास," बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

मग वाट बघणं. वाटी गरम पाण्यावर ठेवून द्रावण उडवायचं, सुकवायची, गार करायची. घाई केली की वजन खोटं येतं. साडेतीन झाले. चार. दुर्गाबाई आणि सुशीलाबाई शेजारीशेजारी बसल्या होत्या. बाईंची नजर दुर्गाबाईंच्या टाचांवर गेली. टाचांच्या भेगांत काळं भरलेलं होतं.

"हे कशानं निघंना व्हय?"

"खोबरेल चोळलं की निघतं तेवढ्यापुरतं. चिखलात गेलं की परत."

"आजून जाता?"

"जातो की. काही मिळत नाही. पण ओहोटी लागली की पाय आपोआप निघतात."

सव्वाचारला वाटी वजनकाट्यावर ठेवली. काट्याची काचेची दारं लावली. रिकाम्या वाटीचं वजन वहीत होतं : अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन एक दोन सात. काट्यावरचे शेवटचे आकडे नाचत होते. वरच्या पंख्याचा वारा नको म्हणून मॅडमनी तो बंद केला. आकडे थांबले.

अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन दोन दोन एक.

मी वजाबाकी कागदावर केली, मग परत केली, कारण माझ्या त्या दिवशीच्या मापांवर माझाच विश्वास नव्हता. मॅडमनी वाटी परत गार करून पुन्हा वजन करायला लावलं. तेच आलं. नऊ पूर्णांक चार मिलिग्रॅम. सकाळचे चौदा पूर्णांक दोन आणि हे मिळून तेवीस पूर्णांक सहा.

"म्हणजे?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"म्हणजे मर्यादेच्या वर," मॅडम म्हणाल्या. "उद्या काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण तुमच्याकडेही आता कागद आहे, आणि तो खरा आहे."

दुर्गाबाईंनी मान हलवली. "खरं मला माहीत होतं. पाय आमचे असतात चिखलात." मग त्यांनी सुशीलाबाईंचा हात धरला आणि सोडला, बस सुटायच्या वेळी धरतात तसा. साडेपाचला त्या अहवाल घेऊन रिक्षात बसल्या. थर्माकोलचं रिकामं खोकंही बरोबर घेतलं. चांगलं आहे, म्हणाल्या, बर्फ धरतं.

मॅडमनी जाता जाता कठड्याकडे बोट केलं. "सुशीलाबाई, उद्यापासून बाटल्या पुन्हा इथेच ठेवायच्या. तपासणीवाल्यांना मी सांगते काय सांगायचं ते. आणि विक्रम, तू उद्या सकाळी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे ये. पान मी उघडून ठेवते."

मी बाईंना म्हटलं, चला, घरी सोडतो.

"घरी नगं. कात्रजला."

"बारसं संपलं असेल."

"मानसं आसतील. सगळं गाव तिथं हाय आज."

हॉलवर पोचलो तेव्हा पाळण्याची फुलं काढत होते. बाळाचं नाव ठेवून झालं होतं, वैष्णवी. बावधनची दहा-पंधरा जुनी माणसं खुर्च्यांवर रेंगाळत बसली होती. गोदाबाई दारातच भेटल्या. "आलीस? झालं का पानी सोच्छ?"

"गोदाबाई," बाई म्हणाल्या, "आपल्या इहिरीचा कागद आला व्हता. तुमास्नी ठावं हाय."

"कवाची गोष्ट काढतीस?"

"तो कागद खोटा व्हता. माझ्या हातनं खोटा झाला. बाटली म्या धुतली."

गोदाबाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला.

"म्हंजी पीठ जुनं नव्हतं."

"न्हाई."

"आन् तू रोज शेजारी बसून खात व्हतीस."

"व्हय."

गोदाबाई वळल्या, खुर्च्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उठू नका कुणी. बसा. सुशीलेला काय तरी सांगायचंय."

मी दारात तसाच उभा होतो, हातात गाडीची चावी. बाईंनी मागे वळून बघितलं. "तुम्ही जावा आता, सर," त्या म्हणाल्या. जरीचा पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि आत गेल्या.